६१ मेगापिक्सेल बडोद्यात: सोनी ए७आर ५ – अनुभव आणि चर्चा

ओटला

मंडळी,

सोनीचा ए७आर ५ हा कॅमेरा ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि तेव्हापासून त्यावर बरंच लिहून झालंय. तरी धागा काढतोय, कारण वाचायला मिळतं ते बहुतेक स्टुडिओतल्या उजेडाचं नाहीतर बर्फाळ डोंगरांचं. आपल्याकडे रावपुऱ्यातल्या वाड्याच्या माडीवर खिडकीतून येईल तेवढाच उजेड, नवरात्रात मैदानावर एलईडीचा मारा, आणि वढवाण्याच्या तलावावर ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. तिथे हा कॅमेरा काय देतो हे आपणच लिहायला हवं.

माझं काम मुख्यतः जुन्या भिंती, लाकूडकाम आणि कागद. त्यामुळे माझं मत त्या बाजूने झुकलेलं आहे आणि ते आधीच सांगतो: जी वस्तू हलत नाही आणि हळूहळू नष्ट होते आहे, तिच्यासमोर तिपाई लावून उभं राहणाऱ्यासाठी हा कॅमेरा आहे. बाकीच्या कामांना तो चालतो, पण त्यासाठी एवढा खर्च करावा का हा प्रश्न राहतो.

यंत्राबद्दल थोडंसं. फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा, चित्र ९५०४ × ६३३६ पिक्सेलचं. एका पिक्सेलची रुंदी ३.७६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर नाही. बॅटरी आणि कार्डासकट ७२३ ग्रॅम. स्क्रीन आधी मागे कलते आणि शिवाय बाजूलाही उघडते. हे वाचताना किरकोळ वाटेल, पण छताच्या तुळईवरचं नक्षीकाम घेताना तिपाई जमिनीलगत असते, तेव्हा मान न मोडता फोकस तपासता येणं ही फार मोठी सोय आहे.

आता मुद्द्याचं. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा, आज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. महाभारत, कृष्णकथा, इंग्रज-मराठे लढाया असं सगळं एकाच घरात. मोबाइलवर किंवा जुन्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ही चित्रं ‘छान’ येतात. ए७आर ५ वर आणि चांगल्या मॅक्रो (जवळून तपशील टिपणाऱ्या) लेन्सवर घेतलं की वेगळ्या गोष्टी दिसायला लागतात. रंगाचा पापुद्रा कुठून उचलला जातोय ती कड दिसते. चेहऱ्याची बाह्यरेषा आधी एका रंगात काढून नंतर दुसऱ्याने पक्की केलेली दिसते. कुठे नंतरच्या हाताने डागडुजी केली आहे तिथला रंग किंचित जाड बसलेला कळतो. पुढे कुणाला ही चित्रं वाचवायची झाली तर त्या माणसाला हेच हवं असणार.

एक सावधगिरी: आठ स्टॉपच्या इन-बॉडी स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीवर, भरवसा ठेवून हातात धरून काढलं तर एवढा तपशील मिळत नाही. तिपाई हवीच. आणि पुरातत्त्वच्या वास्तूत साधे फोटो काढता येतात, पण तिपाईसाठी वेगळी परवानगी लागते. फ्लॅश चित्रांवर मारायचा नाही, हे सांगायला नको.

तुमचे अनुभव येऊ द्या.

खडीसाखर

धाग्याबद्दल आभार, वाखु (वाचनखूण) साठवली.

मी लग्नं आणि नवरात्र करते. ए७आर ५ गेल्या हंगामात गरब्याला वापरला, म्हणून त्या बाजूचं लिहिते.

फोकस अफाट आहे. या कॅमेऱ्यात विषय ओळखण्यासाठी वेगळा प्रोसेसर आहे, आणि तो माणसाचं डोकं, खांदे, शरीराची ठेवण यांवरूनही माणूस पकडून ठेवतो. गरब्यात खेळणारी मुलगी गिरकी घेऊन पाठमोरी होते, मध्ये दुसरीचा हात येतो, ओढणी येते, पुन्हा चेहरा समोर येतो. एवढ्या वेळात चौकट तिला सोडत नाही. आधीच्या कॅमेऱ्यावर मला प्रत्येक गिरकीला पुन्हा पकडावं लागायचं.

पण शांत शटर, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, गरब्यात अजिबात नको. या सेन्सरचं पूर्ण वाचन व्हायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. आपल्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणजे एका फ्रेमचं वाचन चाललेलं असताना दिवा दहा वेळा मंद-प्रखर होतो आणि फोटोवर तेवढे आडवे पट्टे. शिवाय दांडिया वाकडी येते, घेरदार चणिया एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो. मेकॅनिकल शटर, वेग १/१०० किंवा अँटी-फ्लिकर चालू, हे माझं ठरलेलं. पडद्यासारख्या मोठ्या एलईडी भिंतींचं लुकलुकणं वेगळ्या गतीचं असतं, तिथे शटरचा वेग बारीक टप्प्यांनी बदलायची सोय कॅमेऱ्यात आहे, ती वापरते.

दुसरं, आभले. चणियाचोळीवरच्या आरशांत आणि जाळीच्या ओढणीवर रंगीत लाटा उमटतात, मॉइरे म्हणतात तो प्रकार. लो-पास फिल्टर नसल्यामुळे हे होणारच. धावपळीच्या कामात प्रत्येक फोटोवर ते पुसत बसणं जमत नाही.

आणि फाइल. नऊ रात्रींचे पूर्ण ६१ मेगापिक्सेलचे रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) साठवायचे म्हणजे घरात डिस्कच डिस्क. मी लॉसलेस (माहिती न गमावता दाबलेल्या) रॉ मधला ‘मध्यम’ आकार ठेवते, २६ मेगापिक्सेल होतात. गिऱ्हाइकाला अल्बमसाठी ते भरपूर आहेत. मग मी एवढा कॅमेरा का बाळगते, असं कुणी विचारेल. फोकससाठी. आणि कधीतरी पूर्ण मैदानाची उंचावरची फ्रेम घ्यायची असते, हजारो माणसांची वर्तुळात वर्तुळं, तेव्हा मोठा आकार चालू करते. त्या फ्रेममध्ये आत शिरून चेहरे वाचता येतात, याचा आनंद वेगळाच आहे.

पाणथळ

वढवाण्याचं नाव निघालं म्हणून आलो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: डभोई तालुक्यातला हा तलाव गायकवाड संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधला, २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हिवाळ्यात पट्टकादंब, मोठी लालसरी, बाकी बदकं.

पक्ष्यांसाठी ६१ मेगापिक्सेलचा मोह असतो तो कापून घेण्याचा. लेन्स कमी पडली तरी एपीएस-सी क्रॉपमध्ये (फ्रेमचा फक्त मधला भाग घेतला तर) २६ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे ४०० मिमीची लेन्स ६०० सारखी वापरता येते. हे खरं आहे, पहाटे. सूर्य वर आला की पाण्यावरच्या गरम-गार हवेमुळे लांबचा पक्षी थरथरतो. तिथे पिक्सेल वाढवले तर थरथर जास्त बारकाईने टिपली जाते, पीस नाही. लोक लेन्सला दोष देतात, कॅमेरा दुरुस्तीला नेतात. दोष हवेचा असतो.

उडत्या थव्यासाठी सेकंदाला १० फ्रेम ठीक आहेत, पण लॉसलेस रॉवर वेग खाली येतो. उडणारे पक्षी हाच ज्यांचा मुख्य विषय त्यांनी स्टॅक्ड, म्हणजे फार वेगाने वाचल्या जाणाऱ्या, सेन्सरचे कॅमेरे बघावेत. निकॉन झेड ८ (२०२३) किंवा कॅनन आर५ मार्क २ (२०२४), दोन्ही ४५ मेगापिक्सेलच्या आसपास. झेड ८ चं वाचन इतकं वेगवान आहे की त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. ६१ विरुद्ध ४५ हा फरक पक्ष्याच्या पिसांत मला तरी कधी दिसलेला नाही.

बसलेल्या पक्ष्याचं पोर्ट्रेट असेल, वारा नसेल, अंतर कमी असेल, तर मात्र ए७आर ५ ला तोड नाही.

फ्लेक्स_ते_फाइनआर्ट

मी छपाईवाला. मेगापिक्सेलवर भांडणं होतात तेव्हा शेवट माझ्या टेबलावर होतो, म्हणून दोन आकडे.

३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापलं तर ६१ मेगापिक्सेलची फाइल साधारण ३१.७ × २१.१ इंच जाते. २४ मेगापिक्सेलची २० × १३.३ इंच. लोकांना वाटतं ६१ म्हणजे २४ च्या अडीचपट, मग प्रिंट अडीचपट मोठं. तसं नसतं. अडीचपट क्षेत्रफळ वाढतं. लांबीत वाढ जेमतेम १.६ पट.

गणपती मंडळाचा फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघतात, त्याला ८ मेगापिक्सेलही पुरतात. पण कलादालनात भिंतीवर लावलेल्या प्रिंटजवळ माणूस नाक टेकवून उभा राहतो. आपल्या शहरात तर हमखास, फाइन आर्ट्सच्या फॅकल्टीतली पोरं प्रिंटवर भिंग धरतात. अशा प्रिंटला ६१ चा फरक दिसतो, विशेषतः दगड, लाकूड, विणकाम असल्या पोतांत.

मात्र बहुतेक फाइली माझ्याकडे येतात त्या एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र फार बारीक करून, काढलेल्या. ‘सगळं शार्प यावं’ म्हणून. एफ/१६ वर प्रकाशाच्या बिंदूची चकती सुमारे २१ मायक्रॉनची होते, म्हणजे या सेन्सरवर जवळजवळ सहा पिक्सेल रुंद. महागडे पिक्सेल तिथेच धुतले गेले. एफ/५.६ ते एफ/८ च्या दरम्यान राहा. फोकसची खोली कमी पडली तर फोकस ब्रॅकेटिंग करा, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घ्या, ए७आर ५ मध्ये ती सोय आली आहे.

जुनं_दप्तर

ओटला यांनी मनापासून लिहिलंय. मी मोडी वाचतो. घरोघरची दप्तरं उघडली जातात ती जागा विकायची वेळ आली की. तेव्हा कुणीतरी घाईघाईत मोबाइलवर फोटो काढून पाठवतं आणि शाई उडालेल्या ओळीत एक अक्षर दुसऱ्यात मिसळलेलं असतं. मोडीत काना-वेलांटी सगळी एका ओघात येते, हात न उचलता. जिथे रेघ फिकी पडली तिथे अर्थच फिरतो. मग मूळ कागद बघायला जावं तर तो रद्दीत गेलेला.

मला कॅमेऱ्यातलं कळत नाही. एवढंच विचारतो, की मोडी कागदांसाठी ६१ मेगापिक्सेल खरंच लागतात का? आमच्यासारख्यांनी काय मागावं?

ओटला

काका, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून आधी तुम्हाला उत्तर.

सुट्या पानांसाठी लागत नाहीत. ए-४ पान २४ मेगापिक्सेलच्या फ्रेममध्ये लांबीला लांबी लावून पूर्ण बसवलं तर ४८० पीपीआयच्या आसपास मिळतं. शाईची कड वाचायला एवढं पुरेसं आहे. ए-३ आकाराचा ताव असेल तर ६१ वर साधारण ५४० पीपीआय, २४ वर ३४० च्या आसपास. मोठे नकाशे, लांब जन्मपत्रिका, कापडावरचे पट इथे ६१ चा उपयोग सुरू होतो.

पण अक्षर उठून दिसतं ते पिक्सेलपेक्षा उजेडामुळे. दोन बाजूंनी ४५ अंशात सारखे दिवे, कॅमेरा कागदाला काटकोनात, शेजारी राखाडी कार्ड आणि मोजपट्टी. शाई उडालेली असेल तर आणखी एक फोटो एकाच बाजूने, अगदी तिरप्या उजेडात. बोरूने कागद दाबला गेलेला असतो, त्याची सावली पडते आणि फिकी रेघ पुन्हा दिसते. हे २४ मेगापिक्सेलवर उत्तम होतं. म्हणजे तुम्ही फोटो मागताना मेगापिक्सेल मागू नका. ‘सपाट, दोन्ही बाजूंनी उजेड, एक तिरप्या उजेडातला, मोजपट्टीसकट’ असं मागा.

खडीसाखर, शांत शटरबद्दल पूर्ण सहमत. भिंतीपुढे एलईडी दिवे लावले तरी तोच त्रास होतो.

चौकोन

एक शंका, विरोधासाठी विरोध नाही. भिंत हलत नाही. मग २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने सहा-आठ तुकडे काढून जोडले तर १०० मेगापिक्सेलही होतात. माझ्याकडे जुना ए७ ३ आहे, त्यावर मी हेच करतो. नवा कॅमेरा कशाला?

ओटला

सपाट भिंतीसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे. कॅमेरा भिंतीला समांतर सरकवत नेला, तुकडे तिसरा हिस्सा एकमेकांवर येतील असे घेतले, तर जोड बेमालूम बसतो. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी नवा कॅमेरा न घेता हेच करावं.

अडचण येते ती उजेडाची. वाड्यात खिडकीचा उजेड ढगाबरोबर बदलतो. आठ तुकड्यांत आठ छटा आल्या तर नंतर मूळ रंग कोणता हे ठरवणं कठीण. चित्रांची नोंद करताना रंग हाच पुरावा असतो. एका फ्रेममध्ये मोठा भाग आला की त्या भागापुरता उजेड एकच राहतो. एक मीटर रुंद भाग ६१ वर घेतला तर दर मिलिमीटरला साडेनऊ पिक्सेल, म्हणजे २४० पीपीआयच्या आसपास. २४ वर तोच भाग दर मिलिमीटरला सहा. म्हणजे मलाही तुकडे जोडावे लागतातच, फक्त कमी लागतात.

दुसरी गोष्ट पिक्सेल शिफ्ट. साध्या फोटोत प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. पिक्सेल शिफ्टमध्ये सेन्सर एकेक पिक्सेल सरकून चार फोटो घेतो आणि प्रत्येक जागी तिन्ही रंग खरे मोजले जातात. सोळा फोटोंचा प्रकार वापरला तर जोडून २४० मेगापिक्सेल होतात. जोडणी कॅमेऱ्यात होत नाही, संगणकावर सोनीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते, आणि त्याला संगणकही दमदार लागतो. माझ्या मते भित्तिचित्रांसाठी चार फोटोंचा प्रकार जास्त मोलाचा. फाइल ६१ चीच राहते, पण जुन्या नैसर्गिक रंगांतले बारीक फरक स्वच्छ येतात आणि मॉइरेही जातो.

फक्त माडीवर हे करणं अवघड. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर तिपाई उभी असते, आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला कुणी पाऊल टाकलं तरी फळी दबते. डोळ्यांना काही कळत नाही, पण पावणेचार मायक्रॉनच्या हिशेबात तो भूकंप असतो. तिपाईचे पाय फळ्यांच्या मधोमध न ठेवता खालच्या तुळईच्या रेषेवर ठेवायचे. खिळ्यांची ओळ दिसते, तिच्याखाली तुळई असते. आणि शटर पडत असताना सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं.

चौकोन

खिळ्यांच्या ओळीचं भारी आहे. आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या घरात करून बघतो. रंगाचा मुद्दा मान्य.

पाणथळ

अवांतर: चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांचं काम इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याच फाइन आर्ट्सचे, २०१९ मध्ये पद्मश्री. १९६० च्या दशकापासून गावोगाव फिरून त्यांनी भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं फिल्मवर टिपली. त्यांतल्या कित्येक भिंती आज उभ्या नसतील. त्यांच्याकडे मेगापिक्सेल नव्हते, पण कुठे उभं राहायचं आणि चित्राशेजारचा माणूस फ्रेममध्ये का हवा, हे ठाऊक होतं.

ओटला

अवांतर कसलं, हाच विषय आहे. ते फोटो पाहिल्यापासून मी नोंदीच्या फोटोंबरोबर एक रुंद फोटोही घेतो: खोली, दार, खिडकी, चित्र नेमकं कोणत्या भिंतीवर. सुटा तपशील कितीही बारीक असला तरी तो घरात कुठे होता हे कळलं नाही तर अर्धी माहिती गेली.

नवशिक्या_बडोदा

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझं कीर्ती मंदिरावर काम करायचं मनात आहे. नंदलाल बोस यांची तिथली भित्तिचित्रं, गंगावतरण, मीराबाई वगैरे, नीट प्रकाशात टिपलेली पाहायला मिळत नाहीत. त्यासाठी ए७आर ५ घ्यावा का, की फुजीचा १०२ मेगापिक्सेलचा जीएफएक्स १००एस २? लेन्स कोणती?

ओटला

आधी रीतसर परवानगी. गायकवाड घराण्याचं स्मृतिस्थान आहे ते, त्या जागेचा मान ठेवूनच काम व्हायला हवं. ती मिळेपर्यंत कॅमेरा घेऊ नका. भाड्याने मिळतो, एक दिवस घेऊन एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवर सराव करा.

जीएफएक्सचा सेन्सर मोठा आहे, ४४ × ३३ मिमी, आणि १०२ मेगापिक्सेल. पिक्सेलची रुंदी मात्र तीच, ३.७६ मायक्रॉन. म्हणजे एकेका पिक्सेलची गुणवत्ता फारशी वेगळी नाही, पिक्सेल जास्त आहेत इतकंच. ११६४८ पिक्सेल रुंद विरुद्ध ९५०४. मोठ्या भिंतीला तुकडे थोडे कमी लागतील. पण दुसरी कामंही करायची असतील तर सोनीच्या लेन्स जास्त आणि हलक्या.

लेन्स म्हणाल तर ९० मिमी एफ/२.८ मॅक्रो. कडेपासून कडेपर्यंत सपाट फोकस देते, भिंतीला तेच हवं. जागा अरुंद असेल तर ५० मिमी. झूम शक्यतो नको, टोकांना रेषा वाकतात आणि नंतर सरळ करताना तपशील ताणला जातो. एफ/८ च्या पुढे जाऊ नका. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००.

चित्रावर चकाकी येत असेल तर लेन्सवर ध्रुवण फिल्टर आणि दिव्यांपुढेही ध्रुवण फिल्मचे पत्रे, दोन्हींची दिशा काटकोनात. चकाकी जाते आणि रंग खोलवर दिसतो. मात्र त्याबरोबर पृष्ठभागाचा उंचसखलपणाही दिसेनासा होतो, म्हणून फिल्टर न लावता एक संच वेगळा घ्यायचा.

खडीसाखर

माझ्याकडे ध्रुवण फिल्म आणि दोन सारखे दिवे आहेत, नवरात्र सोडून कधीही न्या. नवशिक्या, फाइली तीन ठिकाणी ठेवा, एक प्रत घराबाहेर.

जुनं_दप्तर

ओटला, तुमच्या सांगण्याप्रमाणे मागितले आणि एका घरून आलेले फोटो खरंच वाचता आले. तिरप्या उजेडातला फोटो तर फारच उपयोगी.

आता एक मोठं काम आहे. एका कुटुंबाकडे कापडावर चिकटवलेला जमिनीचा नकाशा आहे, जवळजवळ मीटरभर रुंद. गुंडाळून ठेवल्याने घड्या पडल्यात, काही ठिकाणी कागद सुटतोय. इस्त्री करून द्यावा का, असं ते विचारतात.

ओटला

काका, इस्त्री अजिबात नको. गरम झालं की जुना डिंक मऊ होतो आणि कागद आणखी सुटतो. काचही ठेवू नका, सुटलेले तुकडे तिला चिकटतील. नकाशा उलगडून टेबलावर पसरा, कडांना शिसं भरलेल्या कापडी पिशव्या किंवा धुऊन वाळवलेली वाळू भरलेल्या पुरचुंड्या ठेवा, आणि तो आपोआप बसेपर्यंत थांबा. एक-दोन दिवस लागू शकतात. सुटलेले तुकडे जागचे हलवू नका, टेपही लावू नका.

मी ए७आर ५ आणि ९० मॅक्रो घेऊन येतो. मीटरभर रुंद म्हणजे एका फ्रेममध्ये २४० पीपीआयच्या आसपास. त्यावर गावांची नावं वाचता येतील, पण शेतांचे बारीक आकडे कदाचित नाही. म्हणून चार तुकडे घेऊ, शिवाय पूर्ण नकाशाची एक फ्रेम. घरच्यांना विचारून ठेवा, जमिनीवर तीन मीटर मोकळी जागा आणि खिडक्या बंद करता येतील अशी खोली मिळेल का. दिवे खडीसाखर यांचे. चौकोन, तुम्हाला तुकडे जोडायचा हात आहे, येता का?

चौकोन

येतो. मोजपट्टी आणि राखाडी कार्ड माझ्याकडे आहे.